वृद्धाश्रम का बांधत नाही? एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर



मंडळ्यांना भेट द्यायला गेलो की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलभागात इतकी निराधार म्हातारी माणसे आहेत, मग मिशन तिथे एखादा वृद्धाश्रम का बांधत नाही?" विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. काहींनी आईवडिलांच्या स्मरणार्थ एका खोलीचा खर्चही देऊ केला आहे. अशा माणसांना दोन वाक्यांत नकार देणे बरे नव्हे, म्हणून या अंकात सविस्तर उत्तर लिहीत आहे. थोडक्यात सांगायचे तर, हाती पैसा कमी असताना तो भिंतींत घालण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसाच्या दारापर्यंत जाणाऱ्या कार्यकर्त्यावर खर्च करावा, असे आम्ही ठरवले आहे. त्याची कारणे पुढे देतो. या मार्गाने काय साधत नाही, तेही सांगतो.

एकटे कोण पडते?

आदिवासी समाजात म्हाताऱ्यांना कोणी टाकत नाही, असे आपण ऐकतो. बऱ्याच अंशी ते खरे आहे. माडिया, गोंड किंवा कोलाम गावात म्हातारी माणसे जमेल तोवर मोहफुले वेचतात, नातवंडे सांभाळतात, आणि गावाच्या बैठकीत त्यांचा शब्द ऐकला जातो. पण आता वर्षातले काही महिने घरात सांभाळणारेच कोणी नसते. धानाचा हंगाम संपला की दोन्ही जिल्ह्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. चालता येणारे सगळे जातात. मागे राहते ती गुडघे धरलेली आजी, लकवा मारलेला काका, नाहीतर डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली विधवा. शेजारी एक-दोन दिवस पाहतात. दोन-तीन महिने पाहणे त्यांनाही जमत नाही, कारण तेही हातावर पोट असलेले असतात.

आमच्या कामात केवळ वृद्ध येत नाहीत. अपंग प्रौढ, मानसिक आजार असलेले तरुण, सिकलसेलच्या दुखण्याने वारंवार अंथरुणाला खिळणारे स्त्री-पुरुष, यांनाही कोणाच्या तरी आधाराची गरज असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, त्यांत सिकलसेलही आहे. आपल्या भागातल्या अनेक कुटुंबांना हे ठाऊकच नसते.

महिना १५०० रुपये

या माणसांसाठी सरकारच्या योजना आहेत. ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. ६५ च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. आपल्या गावांत सगळ्यांना मिळून 'निराधारचे पैसे' म्हणतात. ही रक्कम बरीच वर्षे महिना ६०० रुपये होती. २०१९ मध्ये ती १००० झाली आणि २०२३ मध्ये १५००. दिव्यांगांसाठी २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती २५०० करण्याचा निर्णय झाला.

१५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यात कोणी सुखाने राहत नाही. तरीही रेशनचे धान्य मिळत असेल तर तेल, मीठ, साबण, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तालुक्याला जायचे भाडे यातून भागते. त्याहून मोठी गोष्ट अशी की हातात स्वतःचे पैसे असलेल्या म्हातारीला घरात मान राहतो. सुनेकडे चहासाठी हात पसरणे वेगळे, आणि नातवाला स्वतःच्या पैशांतून वही घेऊन देणे वेगळे.

यातला केंद्र सरकारचा वाटा किती, हे वाचकांना माहीत असावे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठीच्या इंदिरा गांधी योजनेत ८० वर्षांखालील व्यक्तीमागे केंद्र महिना २०० रुपये देते, ८० पासून पुढे ५००. दोनशेचा आकडा पंधराहून अधिक वर्षे बदललेला नाही. बाकीचा भार राज्याच्या तिजोरीवर आहे.

पासष्टीचा उंबरठा

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २०२४ पासून राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या महिलेला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, महिना १५०० रुपये मिळतात. गावोगावच्या आदिवासी महिलांची नावे त्यात लागली. पण वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की ती त्या योजनेतून बाहेर पडते. पुढे तेच १५०० रुपये हवे असतील तर श्रावणबाळसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. तिथली अट वेगळी आहे : दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत.

२१,००० म्हणजे किती? रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने घरातल्या एका माणसाने ६८ दिवस काम केले की ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांची सवलत असलेली बाई, अंगातले बळ कमी झाल्यावर, बारापट कडक अटीसमोर उभी राहते. हे कोणी मुद्दाम केलेले नाही. दोन योजना वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हिशेबाने आल्या, आणि मधली फट तशीच राहिली. त्या फटीत पडणारी बाई आपल्याला गावोगाव भेटते. पैसे का थांबले, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगितले आहे की गावातल्या ६४ वर्षांच्या बायांची यादी आधीच करा. पासष्टी उलटण्यापूर्वी दाखले गोळा झाले तर एखाद-दोन महिन्यांत काम होते. उलटल्यावर सुरुवात केली तर सहा-सहा महिने हात रिकामा राहतो.

कागद, अंगठा आणि अंतर

अर्जाला लागतात ते वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार आणि बँक खाते. शहरात ही आठवड्याची धावपळ आहे. आपल्याकडे ती वर्षाची होते, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत.

पहिले कारण वयाचे. शाळेत न गेलेल्या माणसाचा जन्म कुठेच नोंदलेला नसतो. आधार काढताना चालकाने अंदाजाने साल टाकलेले असते. थोरल्या मुलाचे वय पन्नास आणि आईचे साठ, असे आधार मी पाहिले आहेत. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वयाचा दाखला घेता येतो. ही वाट माहीत असलेला माणूस बरोबर असेल तर काम पुढे सरकते.

दुसरे कारण अंगठ्याचे. आता पैसे आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात आणि गावातल्या बँकमित्राच्या यंत्रावर बोट ठेवून काढता येतात. पण आयुष्यभर बांबू तोडलेल्या, तेंदूपाने बांधलेल्या, चिखलात रोवणी केलेल्या हातांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. "थंब लागत नाही," असे आजी सांगते, तेव्हा पैसे खात्यात असूनही ती उपाशी असते. मग बँकेच्या शाखेत नेऊन पावतीवर अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढावे लागतात.

तिसरे कारण अंतराचे. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे. राज्याची सरासरी ३६५ आहे. सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातले कोलाम पोड डोंगरावर आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, हयातीचा दाखला, खात्याचे केवायसी, यांपैकी एकेका कामासाठी आजारी माणसाला किती वेळा गाडीत घालणार? हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो चुकला की जिवंत माणूस कागदावर थांबतो आणि पैसे बंद होतात.

पैशाची ओढाताण

सरकारी योजना अशी कमी पडते तिथे मिशनने उभे राहावे, ही अपेक्षा योग्य आहे. पण सरकार आणि आपण, दोघांचाही हात आखडलेला आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्याच्या सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचा मिळून सुमारे ७४६ कोटींचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली होती. एका गरजूचा घास काढून दुसऱ्या गरजूला देण्याची वेळ येते, तेव्हा अडचण किती खोल आहे हे कळते.

आपल्या बाजूला २०२० च्या परदेशी वर्गणी कायद्यातील दुरुस्तीनंतर दोन बदल झाले. ज्या संस्थेला परदेशातून देणगी मिळते, तिला ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. आणि अशा देणगीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी मोठ्या संस्थांकडून लहान कामांना जी मदत झिरपत यायची, ती यामुळे आटली. मंडळ्यांच्या वर्गणीचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे.

हा प्रश्न केवळ गरीब भागाचा आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये वृद्ध आणि अपंग प्रौढांच्या देखभालीची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर आहे. तिथेही पैसा पुरत नाही. एका माणसाला आयुष्यभरात आपल्या देखभालीवर जास्तीत जास्त किती खर्च करावा लागेल, याला ८६,००० पौंडांची मर्यादा घालायचे ठरले होते. ती २०२५ च्या ऑक्टोबरात लागू व्हायची होती. पण २०२४ च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने पैशाअभावी ती योजना रद्द केली. श्रीमंत देशालाही जे झेपत नाही, ते आपण इमारतीच्या जोरावर करू शकणार नाही.

इमारतीचा हिशेब

वृद्धाश्रमाचा खर्च बांधकामाने सुरू होतो, संपत नाही. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले, तर रात्रंदिवस एक जण जागेवर असावा यासाठीच चार माणसे लागतात. त्यावर स्वयंपाकी, परिचारिका, औषधे, वीज, दुरुस्ती. खोलीसाठी देणगी मिळते, कारण खोलीवर नावाची पाटी लागते. रात्रपाळीच्या पगारावर पाटी लागत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी वर्गणी घटली की आधी कापला जातो तो हाच पगार, आणि मग चांगल्या इमारतीत म्हातारी माणसे ओल्या अंथरुणात रात्र काढतात.

त्या चार माणसांचा पगार चार कार्यकर्त्यांना दिला तर काय होते? एक कार्यकर्ती दिवसाला चार घरी गेली, आठवड्याचे पाच दिवस, तर वीस घरांना आठवड्याला एक भेट मिळते. चौघींच्या मिळून ऐंशी घरांना. यात स्वयंपाकघर नाही की इमारत नाही.

पण हिशेबाहून मोठे कारण माणसाच्या मनाचे आहे. माडिया बोलणाऱ्या आजीला जिल्ह्याच्या गावी आणून ठेवले तर तिच्याशी बोलणार कोण? तिची पेज, तिचा मोह, तिच्या घरामागचे देव आणि तिच्या माणसांची स्मशानभूमी सगळे मागे राहते. आणि एकदा 'मिशनचा आश्रम आहे' असे झाले की गावाच्या अंगावरची जबाबदारी सुटते. जे कुटुंब कसेबसे सांभाळत होते तेही म्हणते, तिकडे नेऊन घाला.

गडचिरोलीत पडलेली वाट

घरी जाऊन काळजी घेण्याची रीत आम्ही शोधलेली नाही. ती याच जिल्ह्यात सिद्ध झाली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. दवाखाना लांब होता, तेव्हा दवाखान्याचे आवश्यक तेवढे ज्ञान घरी नेले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू, जिथे ही सोय नव्हती त्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभर आशा कार्यकर्तींच्या घरभेटींत ती पद्धत आली.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला असेच काम केरळमध्ये झाले. १९९३ मध्ये कोळीकोड येथे काही डॉक्टरांनी असाध्य दुखणेकऱ्यांच्या वेदना कमी करण्याचे काम सुरू केले. मग गावोगावचे स्वयंसेवक त्यात आले. २००८ मध्ये तिथल्या राज्य सरकारने त्याचे धोरण केले आणि पंचायतींमार्फत परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. केरळ दाट वस्तीचे राज्य आहे, आपले जंगल विरळ वस्तीचे. त्यांची पद्धत जशीच्या तशी आपल्याला लागू पडणार नाही. पण गावचा माणूस, थोडे प्रशिक्षण, ठरलेल्या दिवशी भेट आणि पाठीशी एक जाणकार, एवढे सूत्र इथेही चालते.

भेटीत काय होते?

कार्यकर्ती आधी बसते आणि बोलते, त्या माणसाच्या भाषेत. मग पाहते : चूल पेटली होती का, पाणी जवळ आहे का, गोळ्या संपल्या का. अंथरुणाला खिळलेल्याची पाठ आणि टाचा पाहते, कारण दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर जखमा होतात, आणि हे घरच्यांना हाताने करून दाखवावे लागते. खाटेपासून परसापर्यंत बांबूचा कठडा बांधायला शेजारच्या पोराला सांगते. पासबुक पाहते. हयातीचा दाखला कधी द्यायचा ते भिंतीवर खडूने लिहून ठेवते. डोळे तपासायला, काठी वा ऐकण्याचे यंत्र मिळवायला कोणत्या शिबिरात न्यायचे ते ठरवते. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना निरोप देते. वरकरणी किरकोळ वाटणारी ही कामे न झाल्यानेच माणसे दगावतात.

यात गावाचाही वाटा आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. जंगलातल्या लहान ग्रामपंचायतीचे उत्पन्नच थोडे, त्यामुळे रक्कम लहान असते. तरी ती मागितल्याशिवाय खर्च होत नाही. दुसरी वाट ग्रामसभांची. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून गावाने स्वतः बांबू विकला. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपाने स्वतः विकू लागल्या. त्या पैशातला लहानसा हिस्सा गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी बाजूला काढावा, ही मागणी आम्ही ग्रामसभांपुढे ठेवतो. निर्णय गावाचा असतो. पण बैठकीत तो विषय निघाला एवढ्यानेही कोणाच्या घरी चूल पेटत नाही हे गावाला कळते.

जे साधत नाही

या मार्गाने सगळे सुटत नाही. ज्याला अजिबात कोणी नाही आणि ज्याला रात्रंदिवस माणूस लागतो, त्याला आठवड्याची एक भेट पुरत नाही. गंभीर मानसिक आजार, वाढलेला विसरभोळेपणा, घरातच मारहाण होणे, अशा वेळी सुरक्षित निवारा लागतोच. त्यासाठी आम्ही आधीपासून चालू असलेल्या संस्थांकडे माणूस पोहोचवतो. मुले सधन असून टाकतात तिथे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, तोही करतो. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. ती पाळली जावी म्हणून आपण सरकारकडे आग्रह धरला पाहिजे. ते ओझे मिशनने एकट्याने उचलू नये. कोणाकडे जायचे आणि कोणाला थांबवायचे, हा निर्णय दर महिन्याला करावा लागतो, आणि तो सोपा नसतो.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही अन्नवाटपात काही विधवा सुटत होत्या. तक्रार आली तेव्हा मंडळीने सात भरवशाची माणसे निवडून ते काम त्यांच्या हाती दिले. आज आपल्यालाही अशीच माणसे हवी आहेत.

आपण काय करू शकता?

एक, मोठ्या देणगीऐवजी दरमहा ठरलेली लहान वर्गणी द्या. कार्यकर्तीचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, तो सणाच्या देणगीवर चालत नाही.

दोन, आपल्यापैकी कोणी तहसील, बँक, टपाल किंवा दवाखान्यातून निवृत्त झाले असेल तर वर्षातून आठ दिवस आम्हाला द्या. एका जाणत्या माणसाच्या हाताखाली एका आठवड्यात जेवढे अर्ज नीट भरले जातात, तेवढे एरवी तीन महिन्यांत होत नाहीत.

तीन, आपल्याच मंडळीत पाहा. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आजींचे निवृत्तिवेतन चालू आहे का, त्यांचा हयातीचा दाखला गेला आहे का, हे विचारायला जंगलात जावे लागत नाही. महिला मंडळाने पुढच्या महिन्यात एवढे एकच काम केले तरी पुष्कळ होईल.

आणि ज्यांनी खोलीसाठी पैसे देऊ केले होते त्यांना नम्रपणे विनंती : त्या रकमेतून एका कार्यकर्तीचा एक वर्षाचा पगार द्या. पाटी लागणार नाही, पण वीस घरांत दर आठवड्याला कोणीतरी विचारपूस करायला जाईल.